दुसऱ्याची बाजू

१२ जानेवारी

घुम्या,

आज बाबा "किटली" म्हणाले.

ही काय पत्र लिहिण्यासारखी बातमी झाली, असं तुला वाटेल. पण नोव्हेंबरात झटका आल्यापासून त्यांच्या तोंडून "हो", "नको" आणि "अरे" एवढंच बाहेर पडत होतं, आणि त्यातही हो म्हणजे हो की नको, हे चेहरा बघून ठरवावं लागायचं. तेव्हा मी तुला दोन ओळी कळवल्या होत्या. तू लिहिलंस, "काही लागलं तर सांग." मी लिहिलं, "काही लागत नाही." किती समंजस भावंडं आपण. त्यानंतर आजवर कोणी कोणाला काही कळवलं नाही. फोन मी मुद्दाम करत नाही. फोनवर आपलं पहिल्या तीन वाक्यांत बिनसतं आणि ते पुढे कित्येक महिने पुरतं.

तर किटली. दवाखान्यातून एक मुलगी येते, गेलेली वाचा परत शिकवणारी. मी तिला शब्दबाई म्हणते, तोंडावरसुद्धा, आणि तिला ते आवडतं. ती चित्रांचे पत्ते घेऊन बसते. बाबांसमोर किटलीचं चित्र धरलं, तर बाबांनी असं बघितलं, जसं ते अभ्यास न करता आलेल्या विद्यार्थ्याकडे बघायचे. जन्मभर हातात कागद न घेता तास तास बोललेला माणूस, आणि समोर किटली. मला बघवेना म्हणून मी खिडकीशी जाऊन उभी राहिले.

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाबा उठले, भिंतीला धरून, उजवा पाय ओढत स्वयंपाकघरात गेले, शेगडीजवळ उभे राहिले, डावा हात किटलीवर ठेवला आणि म्हणाले, "किटली." मग "चमचा". मग "बशी". बाहेरच्या खोलीत परत आणल्यावर पुन्हा सगळं गुल.

शब्दबाई म्हणाली, "होतं असं कधीकधी. ओळखीच्या जागी शब्द लवकर येतात." मला इतकं हसू आलं की तिला वाटलं मी रडतेय. मग मी तिला बसवून सगळं सांगितलं. जुन्या काळच्या वक्त्यांकडे कागद नसायचे, म्हणून ते भाषणाचा एकेक तुकडा एखाद्या ओळखीच्या घरात मनाने ठेवून यायचे आणि बोलताना त्या घरातून फिरत एकेक उचलायचे. आमचे बाबा ही प्राचीन वक्तृत्वकला नुसती शिकवत नव्हते, करत होते, आणि तीही याच घरात. पायपुसण्यावर नमन, म्हणजे ऐकणाऱ्याचं मन आपल्याकडे वळवणं. चपलांच्या फळीवर हकीकत. जेवणाच्या टेबलावर पुरावे. कपबश्यांच्या कपाटात समोरच्याचे मुद्दे खोडून काढणं. आणि तुझ्या खोलीत, तुझ्या पलंगावर, शेवट, जिथे ऐकणाऱ्याच्या काळजाला हात घालायचा.

तिला ते कपाटाचं प्रकरणही सांगितलं. आईने एकदा साफसफाईत ते कपाट समोरच्या भिंतीला लावलं, आणि दुसऱ्या दिवशी बाबा वर्गात पुराव्यांवरून थेट शेवटावर गेले. पोरं अर्धा तास लवकर घरी. आई म्हणाली होती, "मला काय माहीत, त्यात समोरच्याचे मुद्दे होते? मी तर नुसत्या बश्या पाहिल्या." बाबांनी ते कपाट स्वतः ढकलून जागेवर आणलं आणि आठवडाभर कमरेला शेक घेत बसले. तेव्हापासून या घरात कोणी काही हलवलेलं नाही. आई गेल्यावरसुद्धा नाही. आता त्याचा उपयोग होतोय.

शब्दबाईने ते पत्ते पिशवीत टाकले. आता ती बाबांना घेऊन घरभर फिरते. आज चपलांच्या फळीपाशी "बूट" आणि "पाऊस" मिळाले.

तुझ्या खोलीत अजून गेलेलो नाही. तिथे मी इस्त्री करते, त्यामुळे पलंगावर कपड्यांचा ढीग असतो. बाबा दारापर्यंत येतात आणि वळतात. त्यांना तुझी आठवण येत असेल. येतच असेल. हे आपलं सांगून ठेवलं.

ताई


२ फेब्रुवारी

घुम्या,

तुझं कार्ड मिळालं. त्यावरचं रिकाम्या खुर्च्यांचं नाट्यगृह बाबांनी बराच वेळ निरखलं. मला वाटतं ते मोजत होते, पण ते काही सांगत नाहीत, आणि रिकाम्या खुर्च्या त्यांनी वर्गात पुष्कळ पाहिल्या आहेत.

तुझा सल्ला मानला. बाबा बोलायला लागले की मी फ्रिज बंद करते, पंखा बंद करते. बाहेरच्या खोलीच्या उघड्या भिंतीवर आईची मोठी चादर टांगली. घुम्या, फरक पडला रे. आवाज भिंतीवरून उलटून येतो आणि आजारी कानाला थकवतो, हे इथे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. शब्दबाईने विचारलं, हे कोणी सुचवलं? मी म्हटलं, "माझा भाऊ. तो नाट्यगृहांत टाळ्या वाजवतो." तिला वाटलं तू प्रेक्षक आहेस. मग सांगितलं की तू रिकाम्या सभागृहात एकटा उभा राहून टाळी वाजवतोस आणि तो आवाज किती वेळ रेंगाळतो ते मोजतोस. ती म्हणाली, "किती छान काम." मी म्हटलं, हो, फारच छान, त्यासाठी तो इतक्या लांब गेला.

आता कार्डाच्या खालच्या कोपऱ्यातल्या त्या मुंगीएवढ्या अक्षरांबद्दल. ती वाचायला मला बाबांचं भिंग घ्यावं लागलं. तिथले लोक तुला कायमचं ठेवून घेतायत, महिनाअखेर सही करायची आहे, आणि सही केलीस की तू तिथलाच. पुढे तू लिहिलंयस, "तुला काय वाटतं?"

हे असं कोपऱ्यात लिहायची गोष्ट आहे का? मला काय वाटतं हे मी तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. पहिल्यात मी तुझं अभिनंदन केलं होतं. इतकं सुरेख की मीच दोनदा वाचलं. अशी संधी पुन्हा येत नाही, तुझ्या कामाची तिथे किंमत आहे, वगैरे. तुला स्वतःला बोलता आलं नसतं इतकं चांगलं मी तुझ्या वतीने लिहून टाकलं होतं. मग का फाडलं, ते मला सांगता येणार नाही.

तुझ्या प्रश्नासारखंच परवा कोर्टात झालं. एक वकील वाक्याचं दुसरं टोक गिळतो. मी खाली स्टेनोच्या टेबलावर बसून जेवढं ऐकू येईल तेवढं टिपून घेत होते. जज्जसाहेब वैतागून मला म्हणाले, "बाई, तुम्हाला काय वाटतं?" सगळं कोर्ट माझ्याकडे वळलं. इतक्या वर्षांत तिथे पहिल्यांदाच कोणी मला काय वाटतं ते विचारत होतं. मी उभी राहायला लागले, तर ते म्हणाले, "म्हणजे, हा काय म्हणाला असं तुम्हाला वाटतं?" मी सांगितलं आणि खाली बसले.

असो. मग मी तुझं सहीचं प्रकरण बाबांच्या कानावर घातलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि उठून तुझ्या खोलीकडे निघाले. या वेळी दारातून वळले नाहीत. मी पुढे धावून पलंगावरचे कपडे उचलले. ते बरोब्बर पायथ्याशी बसले, जिथे त्यांचा शेवट ठेवलेला असायचा, आणि झटका आल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून ओळीने शब्द आले. "शेवटी... आवाज... खाली. हळू." हे ते वर्गात सांगायचे, आठवतं? शेवटी सगळे ओरडतात, तेव्हा आपण आवाज खाली आणायचा. मग त्यांनी शेजारच्या जागेवर हात थोपटला. मी बसले. ते रडले. डॉक्टर म्हणतात, या आजारात पाणी चटकन येतं, त्याचा अर्थ लावत बसू नका. मी लावला.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं की, बाबांना तू इथे हवा आहेस असं मला वाटतं. सहीचं तू बघ.

ताई


१५ फेब्रुवारी

घुम्या,

तुझं उत्तर आलेलं नाही, तरी लिहिते. काल जेवताना जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला कोर्टात नीट टिपता येणार नाही. आज दोन ठिकाणी चुकले.

त्याआधी दुपारचं सांगायला हवं. शब्दबाई विचारत होती की सर घरात मुलांशी कसे बोलायचे, म्हणजे तेच धागे पकडता येतील. मी तिला पालटाचं सांगितलं. जुन्या शाळांमध्ये गुरुजी एक खोटंच भांडण बनवून द्यायचे आणि मुलाला आधी एका बाजूने, मग उलट बाजूने बोलायला लावायचे. बाबांनी ते उचलून आपल्या जेवणाच्या टेबलावर आणलं. खिडकीजवळची खुर्ची कोणाची, रेडिओ कोणी पाडला, काहीही असो. आपली जुंपली की बाबा चमचा पेल्यावर आपटायचे, "पालट." मग तू माझी बाजू मांडायची, मी तुझी, आणि ज्याची बाजू आहे तो "हेच" म्हणेपर्यंत ताटावरून उठायचं नाही. मी तिला सांगितलं की आम्ही त्यात इतके तरबेज झालो की तू माझ्या वतीने रडूनसुद्धा दाखवायचास. ती हसली. मग तिने सहज विचारलं, "पण स्वतःची बाजू कधी मांडायची?"

आपल्या घरात ती पाळीच नव्हती रे.

रात्री, म्हणजे दिवेलागणीलाच, आम्ही दोघं जेवायला बसलो. बाबांनी डाव्या हातात चमचा घेतला. मला वाटलं सूप घेतील. त्यांनी तो पेल्यावर आपटला आणि स्वच्छ म्हणाले, "पालट."

मी म्हटलं, "बाबा, भांडण कुठंय? आपण दोघंच तर आहोत." त्यांनी चमचा तुझ्या खुर्चीकडे केला.

मग मी उठून तुझ्या खुर्चीत बसले. ती अजून डुगडुगते. आणि मी तू होऊन बोलायला लागले. आधी रीतसर, क्रमाने. माझं काम असं आहे, अंतर इतकं आहे, सुट्टी मिळत नाही, इथे लोक मला मानतात. वर्गात बाबांनी पैकीच्या पैकी गुण दिले असते असं. पण बाबा मान हलवत होते. "नको," म्हणाले, आणि तो खरा नको होता. मग म्हणाले, "हळू."

मी आवाज खाली आणला. आणि मग जे बोलले ते मी ठरवलेलं नव्हतं. मी म्हटलं, "मला जायचंच नव्हतं."

म्हटल्यावर मला थांबता येईना. मी तू होऊनच बोलत गेले. आई जाऊन दोन महिने झाले होते. मला ते लांबचं काम आलं होतं आणि मी कोणालाच काही बोलत नव्हतो. बाबा म्हणाले, पालट. ताई माझ्या बाजूने उभी राहिली आणि बोलली की या घरात त्याचा जीव गुदमरतो, आई नसलेल्या भिंती त्याच्या अंगावर येतात, त्याच्या वयाच्या माणसाने आता बाहेर पडायलाच हवं. मी यातलं एक अक्षर तिला कधी सांगितलं नव्हतं. माझ्या मनात आलं, ही इतकं जीव तोडून बोलतेय, म्हणजे हिला मी जायला हवा आहे. हिला तोंडाने सांगता येत नाही म्हणून माझ्या तोंडून सांगतेय. मग मी काय म्हणणार? मी "हेच" म्हणालो.

घुम्या, हे खरं आहे का, मला माहीत नाही. मी कोर्टात बसते तेव्हा साक्षीदाराचे शब्द कानातून बोटांत जातात, मध्ये कुठे थांबत नाहीत. हे शब्द मधेच कुठेतरी पडून राहिलेले होते आणि तुझ्या खुर्चीत बसल्यावर मिळाले.

आणि आता माझी बाजू, जी त्या संध्याकाळी तू मांडली होतीस. ताईला शांतता लागते. ती कोर्टातून थकून येते, तिला पायात पायात करणारं कोणी नको असतं. बाबांचं ती एकटी उत्तम बघेल, उलट मी असलो की तिला दोघांचं बघावं लागतं. मी ऐकत होते आणि मला वाटत होतं, अच्छा, याला मी अशी असायला हवी आहे. मी अशी असले तर हा मोकळ्या मनाने जाईल. म्हणून मी पण "हेच" म्हणाले. बाबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, इतका चांगला पालट त्यांनी आयुष्यात ऐकला नाही. आपण तिघंही स्वतःवर खूश झालो आणि पोटभर जेवलो. पुढच्या महिन्यात तू गेलास.

मग तू तिथे पोचल्यावरचा तो फोन. "तुला हवं होतं तेच झालं ना?" असं तू म्हणालास, तेव्हा मला वाटलं हा टोमणा मारतोय. मी म्हटलं, "तुलाही," आणि ठेवून दिला. तू टोमणा मारत नव्हतास. तू विचारत होतास.

एवढं बोलून झालं. बाबा टेबलाला धरून उठले. मला वाटलं झोपायला निघाले. पण ते टेबलाला वळसा घालून माझ्या खुर्चीशी आले आणि तिच्यात बसले. पालटात दुसरी बाजूही यावी लागते ना.

त्यांनी फार वेळ घेतला. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. मी दोनदा त्यांच्या वतीने शब्द पुरवायला गेले, आणि दोन्ही वेळा त्यांनी हात वर करून मला थांबवलं. शेवटी म्हणाले, "मला... तो..." आणि खूप वेळाने, "हवा."

माझी बाजू, घुम्या. तीन शब्दांत. ज्या माणसाकडे एकूण पन्नास शब्द उरलेत त्याने त्यातले तीन माझ्यासाठी खर्च केले. मी "हेच" म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, पण त्यांना आला, कारण त्यांनी मान डोलावली, चमचा खाली ठेवला आणि वाटीकडे बोट करून "सूप" म्हणाले. हाही नवा शब्द आहे. सूप पार गार झालं होतं, मी ते पुन्हा गरम करून आणलं.

तुझी बाजू मी बरोबर मांडली का, एवढंच कळव. चुकलं असेल तर चुकलं म्हण, मला राग येणार नाही. आला तरी तो इथे येईल, तिथे तुला काय त्याचं.

ताई


२४ फेब्रुवारी

घुम्या,

तुझं पत्र काल पोचलं. वर एकच शब्द, "हेच". तो मी पुन्हा पुन्हा वाचला. मग खालचं वाचलं आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

काय लिहितोस, "ताई, माझी बाजू तू मांडलीस, तुझी बाबांनी मांडली. तुझ्या पहिल्या पत्रात बाबांना माझी आठवण येते, दुसऱ्यात बाबांना मी हवा आहे, तिसऱ्यात बाबाच बोलले. तू कुठे आहेस? मला एकदा तुझ्याकडून ऐकायचं आहे. सही अठ्ठावीसला आहे." थोरल्या बहिणीला असं लिहितात? तुला घुम्या म्हणणाऱ्या आईला हे पत्र दाखवायला हवं होतं.

मी ते पिशवीत घालून कोर्टात नेलं, तिथून परत आणलं आणि तणतणत बाबांना वाचून दाखवलं. मला वाटलं ते माझी बाजू घेतील. ते हसले. त्यांचं हसू आता अर्ध्याच तोंडाने येतं, पण आलं की खोलीभर होतं. "बरोबर," म्हणाले. कोणाचं बरोबर, ते सांगायचे कष्ट घेतले नाहीत.

बाबांच्या मागे आता मला लपताही येणार नाही, कारण बाबा बरे होतायत. चार-पाच शब्दांची वाक्यं बोलतात. काठी घेऊन जिना उतरून खालच्या शिंप्याच्या दुकानात जाऊन बसतात, आणि तो मशीन चालवत असला की त्याला मशीन बंद करायला लावतात, ऐकू येत नाही म्हणून. शब्दबाई म्हणते, आता महिन्यातून एकदा आले तरी चालेल. जाताना तिने विचारलं, "सर, मुलाने यावं असं वाटतं का?" बाबांनी विचार केला आणि म्हणाले, "आला तर... छान. नाही आला... तरी माझं... चाललंय." खोटं बोलत नव्हते. तू अठ्ठावीसला सही केलीस तरी बाबांना काही होणार नाही. ते त्यांच्या घरात फिरत राहतील आणि शब्द शोधत राहतील.

म्हणजे राहिले मी.

मध्ययुगात पत्रलेखन शिकवणारे पंतोजी असायचे, त्यांच्यावर बाबांचा फार जीव. ते सांगायचे की पत्रात आधी मान द्यावा, मग मन जिंकावं, मग हकीकत सांगावी, मग मागणी करावी, मग निरोप घ्यावा. बाबा म्हणायचे, पहिल्या तिन्हींवर त्या लोकांनी पानंच्या पानं लिहिली, पण मागणीपाशी आले की सगळे घाईत असायचे. मी काल बसून माझी तिन्ही पत्रं आठवून पाहिली. हकीकतच हकीकत. किटली, चादर, वकील, सूप.

मला हे जमत नाही, हे आधीच सांगते. माझ्या बाजूने बोलायला मी उभी राहिले की माझ्याजवळ एकही पुरावा नसतो. तुझ्याकडे चांगलं काम आहे, तिथे तुला मान आहे. मी तुला काय दाखवणार?

मला कोर्टातून घरी येताना तुला सांगण्यासारखं रोज काहीतरी सुचतं आणि जिना चढेपर्यंत ते शिळं होतं. ते बाबांना सांगून चालत नाही, बाबा त्याचाही धडा करून टाकतात. तू नुसता "हं" म्हणायचास. मला ते "हं" हवं आहे.

मला शांतता आवडत नाही. कधीच आवडत नव्हती. मी स्वयंपाकघरात मुद्दाम भांडी आपटते.

तू गेलास त्या दिवशी मी स्टेशनवर इतकी नीट वागले की मला अजून त्याची लाज वाटते. तुला रुमाल दिला, पाण्याची बाटली दिली, वेळेवर जेव म्हटलं. नको जाऊस, एवढंच म्हटलं नाही. गाडी हलल्यावर म्हटलं, आणि शेजारच्या बाईला वाटलं मी तिला म्हणतेय, तर ती बिचारी थांबली.

मी आई गेल्यावर एकदाच रडले आणि ते तुझ्याजवळ. त्यानंतर कोणाजवळ रडता आलं नाही, कारण कोणाजवळ रडायचं तो टाळ्या वाजवायला निघून गेला होता. बघ, मी चिडले पण आहे. हे पण माझ्या बाजूचंच आहे, म्हणून खोडत नाही.

सही करू नकोस. घरी ये. बाबांसाठी नको, बाबा बरे आहेत. माझ्यासाठी ये. तुला तिथे सुख असेल तरी ये. हा अन्याय आहे, हे मला दिसतंय, आणि तरी मी मागतेय. मला माझा भाऊ हवा आहे.

हे पत्र मी बाबांना दाखवणार नाही, त्यांनी याला काठावरसुद्धा पास केलं नसतं. आणि आता इथेच थांबते. आणखी चार ओळी लिहिल्या तर मी पुन्हा तुझ्या बाजूने बोलायला लागेन.

ताई